पिशवीची मागची बाजू

डोन्या एदुविहेस पिशवी आधी पालथी करते.
पुढचा उसळी मारणारा सामन
तिच्या खिजगणतीतही नाही.

चष्मा घरी राहिलाय, म्हणून वाचायचं मी.
"मका. गव्हाचा कोंडा. सोया.
मग मासळीची भुकटी."
"चौथी? म्हणजे मासा नुसता वासाला."

दुसरीवर पहिलंच नाव: ताजी कोंबडी.
मी ऐटीत वाचतो, महाग पिशवी, वर कमिशन.
ती हसते.
"ताज्या कोंबडीत पाणीच फार, पोरा.
वाळव तिला, मग सांग कितवी येते."

एकतीस वर्षं ती ताल्काउआनोत
भुकटीच्या कारखान्यात होती.
डोकी, शेपट्या, काटे, सगळं तिच्यासमोर दळलं गेलं.
बसमध्ये शेजारची जागा रिकामीच असायची.
नवरा म्हणायचा, आधी अंघोळ, मग बोल.

फाटकाशी थांबायची ती एकटी तुएर्का,
गल्लीतली लंगडी कुत्री.
बोटं चाटून लख्ख करायची.

तिसऱ्या पिशवीचा कोपरा ती नखानं उचकटते.
मी मुद्दाम गल्ल्याकडे बघतो.
हुंगते. डोळे मिटते.
"आंचोवेता. आणि शिळी नाही."
मी लेबल वाचतो.
पहिलं नाव, आंचोवेताची भुकटी.

दीड किलोच परवडतं.
नाणी मोजता मोजता सांगते,
तुएर्काला आता दिसत नाही, दात उरलेत चार,
कोमट पाण्यात भिजवून द्यावं लागतं.

"चमचा आहे घरी," ती म्हणते,
"पण मी हातानंच कालवते."