गुरुवारी

भोसरीत सुट्टी गुरुवारी.
रविवार शहरातल्या लोकांचा,
आमची मशीनं रविवारी चालतात.

चौदा वर्षं पुण्यात, म्हणजे मोशीत,
आणि वैजू म्हणाली, पुणं बघितलंय कुठं आपण?
ससूनचं बघितलं, आरटीओचं बघितलं,
कर्जासाठी बँकेच्या तीन शाखांचं.
तिनं पतसंस्थेतून रजा काढली,
इस्त्रीचा निळा शर्ट माझ्या हातात दिला.
खिशात तो कागद होता, शनिवारपासूनचा.
या शर्टात कधी ठेवला, आठवेना.

मंडईमागच्या बोळात मिसळ.
पोहे, बटाटा, वर शेव, रस्सा गोडसर.
ही मिसळ आहे का पाहुण्यांची समजूत? वैजू म्हणाली,
आणि दोनदा सँपल मागून घेतलं.
बार्शीची जीभ,
आधी भांडते, मग नांदते.

जंगली महाराज रस्त्यानं मी शंभरदा गेलो असेन,
सिग्नल मोजत, पेट्रोल मोजत.
पायऱ्या उतरल्यावर हॉर्न मागं राहिले.
खाली एका दगडातून काढलेला गोल मंडप,
नंदी, कबुतरं,
आणि सावलीत डबा खाणारी दोन पोरं.
वैजूनं पाटी सावकाश वाचली,
पिग्मीचं कार्ड वाचते तशी, बोट ठेवून.
आठवं शतक. मग पुढचं का नाही कोरलं?
राखणदार म्हणाला, दगडाला भेग लागली म्हणतात,
सोडून गेले.
मी टर्नर आहे.
खांबावरून अंगठा फिरवला,
छिन्नीचे घाव अजून खरखरीत,
फिनिशिंगला जायचा राहिलेला जॉब.
अर्ध्यात मशीन बंद करताना
हाताला काय होतं, मला माहीत आहे.
हे वैजूला सांगणार होतो.
ती चप्पल शोधत होती.

मग सोमवार पेठ, रिक्षावाल्याशी वीस रुपयांची घासाघीस,
नागझरीचा वास,
आणि एवढ्याशा गल्लीत काळ्या दगडाचं ते देऊळ,
तीन सोंडांचा गणपती आत.
दारावर शिपाई, साखळ्या,
आणि मधे बांधलेला गेंडा.

गेंडा कुठला आला पुण्यात?
आला असेल बाहेरून, मी म्हणालो,
आपल्यासारखा, कामाला.
ती हसली नाही.
गेंड्याच्या साखळीकडं बघतच म्हणाली,
साणंदला मिसळ मिळते का?

गल्लीतून एक गॅसची गाडी गेली.
ती जाईपर्यंत आम्ही भिंतीला लागून उभे.

कधी वाचलंस?
सोमवारी. धुण्याच्या शर्टात होता.
भिजला असता, म्हणून काढला, या शर्टात ठेवला.
तुला वाटलं, तूच ठेवलास.

मी दिवसभर मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडतो.

मस्तानी एकच घेतली, चमचे दोन.
पोऱ्यानं चमचे असे ठेवले
की तिसरा मागायची हिंमत होऊ नये.
वैजूनं बिलाच्या मागं हिशोब मांडला,
हप्ता, ओंकारची दहावी,
आईंच्या गोळ्या,
तिथलं भाडं किती ते माहीत नाही म्हणून
एक रिकामी रेघ.
येते म्हणाली नाही. येत नाही, असंही नाही.
आइस्क्रीमचा गोळा तेवढा माझ्याकडं सरकवला,
आणि तळाचं दाट दूध स्वतः संपवलं.

दुकानं अजून उघडली नव्हती,
बाकरवडीसाठी पाऊण तास पायरीवर बसलो.
शटरवर लिहिलं होतं, चौकशी करू नये.
केली नाही.

मोशीची बस भरलेली. तिला जागा मिळाली, मी दांडीला.
मांडीवर बाकरवडीचा पुडा, तेल कागदावर फुटलेलं.
शनिवारवाडा राहिला, ती म्हणाली.
पुढच्या गुरुवारी.
किती गुरुवार आहेत?
तीन.
तिनं बोटांवर मोजून बघितले,
माझ्या मोजण्यावर आज तिचा भरवसा नव्हता.
मग नाशिक फाट्याच्या वळणावर मान वर करून,
साणंदला सुट्टी कुठल्या वारी असते रे?

मी उभ्याउभ्या, एका हातानं
खिशातला कागद काढला, उलगडला.
ते त्यात लिहिलेलं नव्हतं.