तेरा चकत्या

सहाव्या दिवशी बशीत उगवलं,
खडूच्या चुऱ्यासारखं पांढरं.
वास घ्यायचा नसतो, तरी आला:
नुकत्याच खणलेल्या वाफ्याचा.

तेरा चकत्या मांडल्या होत्या, तेरा औषधं.
एकीभोवतीही मोकळी जागा नाही.
अगदी कडेला खेटून वाढलंय,
भाडं थकवून वर दाराला कडी घालणाऱ्या
बिऱ्हाडासारखं.

खोली नऊ, एल्गुजा.
मूत्रपिंड बहिणीचं.
ते अंगाला परकं वाटू नये म्हणून
आम्हीच त्याची राखण झोपवली,
सकाळ-संध्याकाळ, गोळ्या मोजून.
कुत्रं बांधलं. दार उघडंच राहिलं.

घरी सोडताना कागदावर लिहिलं होतं:
मातीत हात घालू नये.
नाही घातला, म्हणतो तो, धापा टाकत.
त्सियाला त्याची नखं बघत बसते.
मग म्हणते, एकदाच.
तेलावीला, सासऱ्यांनी पुरलेला द्राक्षारसाचा रांजण.
झाकणावरची माती कुणीतरी काढायला हवीच होती ना.

अहवालात मी तेरा वेळा लिहिते:
दाद नाही.
चौदावी चकती तिबिलिसीहून निघालीय,
रस्ता बंद नसेल तर उद्या.

त्या रांजणातली एक बाटली
तिनं आमच्यासाठी आणलीय.
फ्रिजवर उभी आहे.
कुणी उघडली नाही.
हलवलीही नाही.