आठव्या दिवशीची साय

आठव्या दिवशी झाकण उघडलं
तर वर साय.
दुधावरची नव्हे. पांढरी, सुरकुतलेली,
खळ दिलेलं सूत वाळताना धरतं तशी,
मध्ये दोन-तीन फुगे, डोळे वटारून.

मंगळवेढ्याची मालदांडी,
ओल्या टॉवेलात मोड आणलेली,
गच्चीवर वाळवून, भरडून, शिजवून
रात्री दोन वाजता गाळलेली.
यीस्टची पुडी पोरानं पुण्याहून पाठवली,
फोनवर म्हणाला, बाबा, सगळं उकळून घ्या.
सगळं म्हणजे काय काय
ते बोलला नाही.

एकतीस वर्षं मी रंगाईच्या टाकीशी उभा राहिलो.
टॉवेलचा लाल फुटला
की आधी पाण्याला विचारायचं, मग मिठाला,
मग रात्रपाळीच्या माणसाला.
साहेबाला शेवटी, म्हणजे कधीच नाही.
तीच चौकशी इथं बसवली.

पाणी. नळ पाचव्या दिवशी, साठवलेलं,
पण अर्धा तास खळखळ उकळलेलं. सुटलं.
पिंप. नवं, निळं, गरम पाण्यानं तीनदा. सुटलं.
ऊन. बेचाळीस.
ओलं गोणपाट गुंडाळलं होतं, दर दोन तासांनी शिंपत होतो,
दुपारच्या डुलकीची मात्र साक्ष देता येत नाही.
माझा हात. रोज झाकण उचलून बघणारा.
त्याला बाजूला बसवून ठेवलं.

काचेची नळी तरंगत सोडली.
परवा जिथं थांबली होती
त्याहून दोन रेघा खाली गेली.
म्हणजे जेवणावळ उठली तरी
आत कुणीतरी अजून जेवतंय.

वास घेतला. सडक्या अंड्याचा नाही,
व्हिनेगरचा नाही, निदान अजून नाही.
दह्याचा, आणि दह्यामागं
पावसात भिजलेल्या तरटाचा.

समोरच्या अंबुबाई येमूल
मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवून आल्या.
चाळीस वर्षं तंबाखूत मुरलेलं नाक
पिंपावर एकदाच नेलं,
म्हणाल्या, पुलिसिंदि.

मी पायरीवरच बसलो.
कधी? कुणी सांगितलं त्यांना? किती जण आहेत?
बाई खोकला येईपर्यंत हसल्या.
अहो पोलिस नाही हो!
पुलिसिंदि म्हंजे आंबलं, आमच्यात.
आणि आंबील आंबली की वाटी पुढं करताव,
हे आंबलं तर तोंड का पाडून बसलाव?

मग जाता जाता, चप्पल घालत,
तोटी कुठली लावली म्हणे ह्याला?

तोटी.
तोटी जुनी. स्टीलची. घरातलीच.
चिंच-मिठानं घासून लख्ख केलेली,
पण खोलली नव्हती.

थोडं थोडं भांड्यात काढून घेतलं, पिंप तिरकं केलं,
पान्यानं आट्या सोडवल्या.
वॉशरच्या पाठीमागं
काळपट, बुळबुळीत, नखाएवढं काही.
रंगाईत असलं दिसलं असतं
तर मी पाळीच्या माणसाला काय काय बोललो असतो.

ही तोटी सुमनच्या रांजणाची.
अकरा उन्हाळे दारात
लाल फडकं गुंडाळून ठेवायची ती,
साखळीला पेला.
कारखान्यातून सुटलेले, शाळेतली पोरं,
एक वेडा यायचा, तोटीलाच तोंड लावायचा,
ती त्याला काही म्हणायची नाही.
नंतर रांजण फुटला. तोटी मी
खिळ्यांच्या डब्यात टाकली होती.

उकळत्या पाण्यात धरली, मग बाहेर काढली,
पुन्हा धरली.
कन्ना चौकात वॉशर दहा रुपयाला मिळतो.
आणला नाही अजून.

पेलाभर गाळून घेतलं.
आंबट, जिभेच्या कडेला ओढून धरणारं,
वाईट म्हणवत नाही.
अर्धा पेला अंबुबाईंच्या उंबऱ्यावर ठेवला,
वर बशी झाकून.

पोराचा फोन आला, काय झालं बाबा, खराब झालं का?
म्हटलं, बघतोय.
साय तशीच आहे.
उद्या सकाळी रेघ पुन्हा बघेन.