काडी

उलंगवाडी झाली.
शेवटच्या वेचणीचा कवडी कापूस गाठोड्यात, पिवळट.
वावरात नुसत्या पऱ्हाट्या,
वाऱ्यानं एकमेकींवर खडखडणाऱ्या.

पंचफुलाकाकूच्या धुऱ्यावर मी पोचले तेव्हा
नितेशनं अर्धा ढीग रचला होता.
माचिस त्याच्या खिशात आहे
हे मला त्याच्या हातावरून कळलं.

माझ्या पिशवीत एक वही,
पाऊस मोजायची नवी नळी,
फडक्यात बांधलेली भाकर
आणि प्रशिक्षणाचं पुस्तक.
पुस्तकात लिहिलं होतं, शेतकऱ्याचं मतपरिवर्तन करा.
ज्या बाईनं मला, नव्या सुनेला,
डवऱ्याची रुमणी धरायला शिकवलं
तिच्यापाशी हे कुठून सुरू करायचं,
ते पान नव्हतं.

"काकू, जाळू नोका."
"काहून?"
"मातीवर राहू द्या. पाऊस खंडला तर ओल धरते."
"अन् बोंडअळी? तिचे कोष काय तू घरी नेशीन?"

बरोबर होतं तिचं.
मी वही मिटली, मातीतच बसले.
विचारलं, तुमच्या सासूच्या वेळी
एवढ्या पऱ्हाट्याचं काय करत?

"चुलीत घालो. कुडाच्या भिंती करो.
उरलं ते खताच्या खड्ड्यात.
जाळाले उरेच ना, पोरी.
आता गॅस आला, इटाच्या भिंती आल्या,
अन् पऱ्हाटी उपरी झाली."

मग तिनंच तोड काढली.
किडकी बोंडं तेवढी वेचायची, कोपऱ्यात जाळायची.
बाकीच्याची कुट्टी.
"पण अर्ध्याच वावराची. अर्ध्यात माही रीत, अर्ध्यात तुही.
वावर कोणाचं सगं नसते,
पण लबाड बोलत नाही."

बचत गटाचं यंत्र दारव्ह्याहून आलं.
पट्टा तीनदा तुटला.
नितेश तीनदा हसला,
चौथ्यांदा पाना घेऊन आला.

आषाढात रोपं चार पानांवर आल्यावर
तासांमधून कुट्टी अंथरली.
रस्त्यानं जाणारे थांबून विचारत,
"काय वो पंचफुलाबाई, वावराले गोधडी शिवली काय?"
"थंडी वाजते त्याले," काकू म्हणायची
आणि माझ्याकडे बघायची नाही.

श्रावण तेवीस दिवस कोरडा गेला.
नळीत धूळ, एक दिवस मुंगी.
रोज शून्य लिहून लिहून
शून्याचा गोलही नीट येईना.
गावात कुणी आभाळाकडे पाहीना,
पाहिलं तर ते लाजेल अशा बेतानं.

चोविसाव्या सकाळी काकूनं मला हाक मारली.
जाळलेल्या अर्ध्यात बोट खुपसलं. नखच मोडलं.
कुट्टी बाजूला सारून
दुसऱ्या अर्ध्यात खुपसलं.
पहिलं पेर कोरडं.
दुसरंही.
मग तिनं माझं बोट धरलं
आणि स्वतःच्या बोटाशेजारी खाली दाबलं.
तिसऱ्या पेराला गार होतं.

काही बोललो नाही आम्ही.

भादव्यात त्याच अर्ध्यात उदई लागली.
चौदा झाडं आडवी.
"पाह्य तुह्यं पुस्तक," नितेश म्हणाला.
तेही मी वहीत लिहिलं, झाडं मोजून.
निंबोळ्या कुटल्या, पाणी ओतलं,
काही जगली, काही गेली.

साहेबांच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते:
यशस्वी. अयशस्वी.
मी दोन्ही कोरे ठेवले.
समासात लिहिलं, तिसऱ्या पेराला गार.
साहेबांनी फोन करून विचारलं,
हे कोणतं एकक आहे?

या वर्षीची उलंगवाडी परवा झाली.
कोपऱ्यात किडक्या बोंडांचा धूर आहे,
बारीक, सरळ.
काल रात्री नितेशचा निरोप आला,
एवढाच:
येताना पट्टे दोन आणजो.