पाकीट क्रमांक सात

वेर्ण्याच्या प्रयोगशाळेत एसी घरघरतो.
सात नंबर: मयत सगुणचा शर्ट,
आगरवाड्याच्या मिठागरात सापडलेला.
आठ नंबर: भिवाचा, धाकट्या भावाचा,
सावर्ड्याच्या खाणीवर टिपर चालवणाऱ्या.

चिकटपट्टीनं टिपत गेले.
मिठाचे चौकोनी कण,
काजूच्या बोंडाचा न गेलेला डाग,
गोधडीचा निळा धागा.
दोन्हीकडे तेच.
एका ताटात जेवलेली माणसं,
त्यात काय जुळवायचं?

मग सातच्या पाठीवर
तांबड्या मातीचे दोन पंजे,
बोटं मोजता येतील इतके.
खाणीचीच माती. लोह तेवढंच.
पाठीवर दोन्ही हात असे
दोनच वेळी टेकतात,
ढकलताना
आणि मिठी मारताना.
भिंग कितीही वाढवलं
तरी माती ते सांगत नाही.
मी लिहिलं: संपर्क झाला होता.

राहिला कॉलरवरचा लांब पांढरा केस,
खोबरेलाचा. आठवरही एक तसाच.
नमुना द्यायला म्हातारी
दोन बस बदलून आली,
अंबाडा सोडला,
चिमट्यासमोर मान वाकवून म्हणाली,
"दोन घे गो बाय. दोगांकय लागतले."