कॉस्टिंग

एका टॉवेलचं मला विचारा.
सूत किती, रंग किती, मजुरी, वीज,
कडेची शिवण, पोतं, हुंडेकरी,
आणि शंभरामागे तीन डागी.
पैशापर्यंत सांगते, कागद न बघता.

स्वतःचं मांडायला बसले रविवारी,
तर वहीचा पहिलाच रकाना अडला.

एमबीए. दोन वर्षं. फी एक लाख ऐंशी.
शिवाय सोडावा लागेल तो पगार,
साडेचौदा हजार गुणिले चोवीस.
हे अम्माला सांगितलं नाही.
ती विड्या वळते, गुणाकार तिला
माझ्याआधी येतो.

अक्कलकोट रोडला आमच्या कारखान्यात
मार्चपासून विनीत आलाय, पुण्याहून शिकून.
पहिल्या दिवशी त्यानं हळूच विचारलं,
"मॅडम, जीएसएम म्हणजे नेमकं काय?"
मी टॉवेलचा चौकोन कापून काट्यावर ठेवला.
त्याला बत्तीस मिळतात.
मला राग आला नाही. म्हणजे आला,
पण पोरगा चांगला आहे,
डब्यातली शेंगाचटणी मागून खातो
आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाशी असा बोलतो
की ते जणू अशोक चौकात राहतं.
तो फोन मला करता येत नाही.
येत नाही, की कुणी हातात दिलाच नाही?
हाही रकाना कोरा.

मालक म्हणाले, "शिक की! शिकायला कोण नको म्हणतंय?"
आणि त्याच श्वासात, "पण मग डिस्पॅच कोण बघंल?"
सहा वर्षांत माझं एवढंच कौतुक झालंय.

कॉलेजच्या भिंतीवर टाय घातलेले फोटो,
खाली कंपन्यांची नावं.
त्यात एक ओळखीचा निघाला, नागनाथ इराबत्ती,
आमच्या मागच्या गल्लीतला. खाली लिहिलेलं, 'रिटेल क्षेत्र'.
नवी पेठेत साड्यांच्या दुकानात सापडला.
गिऱ्हाइकापुढे पदर उलगडता उलगडता म्हणाला,
"पहिली तीन वर्षं काहीच फरक नाही, खोटं कशाला बोलू.
आता खरेदी माझ्याकडे आहे.
पण ते डिग्रीनं झालं की इथं उभं राहून राहून,
मला नाही सांगता यायचं, लता.
ताणा कुठला, बाणा कुठला,
विणून झाल्यावर कोण सोडवणार?"
मग बाईंना म्हणाला, "ही घ्या, रंग जाणार नाही."
तेवढी खात्री मला कुणीच दिली नाही.

नाना जॉबर होते, बत्तीस वर्षं.
ऑर्डर हातात नसताना बीम चढवू नये,
हे त्यांनीच शिकवलेलं.
तेच आज म्हणतात, "पण रिकामा माग गंजतो."
मी चिडले. "मी रिकामी कुठंय?
सकाळी नऊ ते रात्री आठ चालतेच आहे."
नाना बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "चालतेस. डिझाईन तेच."

यावर काय बोलणार? वही मिटली.

तेवढ्यात आतून, सुपातली पानं सारत,
हात न थांबवता,
"पाच लाख अठ्ठावीस हजार होतंय. पगार धरून."
मी नाना आणि नाना मी, एकमेकांकडे बघतोय.
"संध्याकाळची बॅच असते का, ते विचार आधी.
पगार कशाला सोडतीस?
आणि तो फोनचा मुलगा, त्याच्याकडनं
फोन शिकून घे. त्याला फी नाही.
चटणी फुकट खातोय का तो?"

उद्या मालकांकडे दोन गोष्टी मागणार.
सहाला सुटी,
आणि आठवड्यातून एक फोन, विनीत शेजारी बसलेला.
ते नाही म्हणाले, तर तेही एक उत्तरच,
मग फॉर्म भरायचं कारण बदलेल.

तारीख वीस आहे, आज चौदा.
नाव लिहून ठेवलंय, जन्मतारीख, जात, बारावीचे मार्क.
पुढे विचारलंय, अनुभव किती वर्षं.
तिथं लिहिलं, सहा.
जागा थोडीच होती,
तरी कंसात तीन डागींचंही लिहिलं.