खिडकीची कडी

सहा वर्षं झाली, आमच्या टेकडीची रुळांवरची लिफ्ट बंद आहे.
लाकडी डबा वरच्या ठाण्यात तसाच लटकलेला,
आत मांजर व्यायली दोनदा.
पायऱ्या दोनशे चौदा. मी नाही मोजल्या,
गुडघ्यांनी मोजल्या.

हर्मिनियाबाईंना खुर्चीसकट खाली आणायला चार माणसं लागतात,
वर न्यायला सहा.
परवा त्या म्हणाल्या, राहू द्या, दुखू दे दात.

म्हणून दर गुरुवारी आम्ही पातेली बडवतो
वालपराइसोच्या नगरपालिकेच्या दारात, संध्याकाळी सातला.
माझं पातेलं आईचं. बुडाला एक पोचा आहे,
त्या वर्षांतला, जेव्हा दिवे मालवून
प्रत्येकजण आपापल्या खिडकीत वाजवायचा.
तेव्हा कुणी विचारलं नव्हतं,
याने काय होणार.

एलिसेओ विचारतो.
एलिसेओ आमच्यातलाच. झाकणावर झाकण आपटायचा,
कानठळ्या बसायच्या शेजारच्यांना.
आता आत बसतो. इस्त्रीचा शर्ट, नावाची पाटी.
म्हणतो, इर्मा, ठराव रस्त्यावर होत नाहीत.
मी म्हणते, आत तरी कुठे झाला?
तीन वर्षांत त्याने पायऱ्यांना एक कठडा मिळवला.
एक कठडा!
(खरं सांगते, रोज त्यालाच धरून चढते.)

मागच्या गुरुवारी त्याने मला आत बोलावलं.
नागरिकांसाठी तीन मिनिटं असतात म्हणे.
दारावरचा शिपाई म्हणाला, पातेलं पिशवीत घाला.
ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ आली
या वयात.

चार तास बसले. कचऱ्याच्या गाड्या झाल्या,
कुणाच्या तरी पुतळ्याचा रंग झाला.
मग माझं नाव चुकीचं वाचलं.
मी लिफ्ट म्हणाले, दात म्हणाले, सहा माणसं म्हणाले,
आणि माइक बंद झाला. तीन मिनिटं.

तेवढ्यात खाली सात वाजले.

आयुष्यात पहिल्यांदा आमची पातेली मी आतून ऐकली.
एक शब्द कळत नाही हो!
लिफ्ट नाही, हर्मिनिया नाही,
नुसता ठणठणाट, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात
भांडण पेटल्यासारखा.
इतकी वर्षं वाटायचं, आम्ही काहीतरी सांगतोय.

पण लेखनिक उठला, खिडकी लावायला गेला,
आणि कडी लागेना.
गंजलेली. त्याने खांदा लावला, शिव्या दिल्या,
सगळी सभा त्याच्याकडे बघत थांबली.
एलिसेओचं पेन टेबलावर
ठोक्यात ठोका मिसळत होतं. त्याचं त्यालाही कळलं नसावं.
मग तो उभा राहिला, आणि कलम, पोटकलम,
कुठल्या खात्यात किती पैसे पडून आहेत,
सगळं न अडखळता बोलला.
मला त्यातलं निम्मं समजलं नाही.
त्यांना समजलं.

मंजूर झाली ती पाहणी.
दुरुस्ती नाही, दुरुस्तीसाठी पाहणी.

रात्री दोघं पायऱ्या चढलो. पिशवी त्याने घेतली.
एकशेतिसाव्या पायरीवर तो धापा टाकत बसला.
बराच वेळ कुणीच बोललं नाही, खाली बंदरात
एक क्रेन उगाच वळत होती.
मग म्हणाला, पुढच्या गुरुवारी सातला माझी समिती आहे.
म्हटलं, आमचं पण सातलाच.
म्हणाला, ती कडी दुरुस्त करायचा अर्ज आलाय.
म्हटलं, मग?
म्हणाला, भिजत ठेवतो.

घरी येऊन पातेलं घासलं, मसूर टाकले.
पोच्यात अडकतात चार दाणे, नेहमी तिथेच करपतात.